मोपावरून उदयपूर: बॅटऱ्या हातातल्या बॅगेत की चेक-इनमध्ये?

कॅमेरावाला_फोंडा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात उदयपूरला लग्नाचं काम मिळालंय, गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबई आणि तिथून पुढे. आत्तापर्यंत आमची सगळी लग्नं गोव्यातच, फार तर सावंतवाडी नाहीतर बेळगाव, सामान गाडीत टाकायचं आणि निघायचं, त्यामुळे एवढं सगळं घेऊन विमानात बसायची वेळच आली नव्हती. आता टीममध्ये दोन पार्ट्या झाल्यात. आमचे सर म्हणतात हातातल्या बॅगेला सातच किलो मिळतात तर बॅटऱ्या, फ्लॅश, चार्जर असलं जड सगळं चेक-इनमध्ये टाका आणि बॉडी-लेन्स तेवढ्या हातात घ्या. असिस्टंट पोरगा म्हणतो चेक-इनमध्ये बॅटरी चालतच नाही, बॅग उघडून काढून घेतात. कुणाचं खरं?

सामान सांगतो. सोनीच्या दोन बॉडी, एफझेड१०० बॅटऱ्या सहा, त्यातल्या दोन ओरिजिनल आणि चार लोकल, लोकलपैकी दोघींवरचं स्टिकर घासून घासून पार गेलंय. गोडॉक्सचे फ्लॅश, एडी६०० प्रो एक आणि एडी२०० दोन, त्यांच्या बॅटऱ्या. व्हिडिओ लाईटची व्ही-माऊंट बॅटरी, १५० वॅट-अवरवाली. डीजेआय मिनी ४ प्रो ड्रोन आणि त्याच्या तीन बॅटऱ्या. पॉवर बँक दोन, एक २०००० आणि एक ३००००, त्या मोठीवर कंपनीचं नाव आणि ३०००० एवढंच आहे, बाकी काही नाही. ट्रिगरसाठी पेन्सिल सेल. लॅपटॉप, गिम्बल, ट्रायपॉड, स्टँड. आणि सेकंड शूटरला मधेच फिल्मवर पण काढायचा नाद आहे, त्याचे रोल. कुणी असलं सामान नेलं असेल तर प्लीज नीट सांगा, ऐनवेळी काउंटरवर शोभा नको.

वास्कोकर_निवृत्त

बरीच वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये काढली आहेत, तर सांगतो. असिस्टंट पोराचं खरं. त्याला एक चहा पाजा.

सुट्टी लिथियम बॅटरी, म्हणजे कुठल्या यंत्रात बसवलेली नाही अशी, ती चेक-इनमध्ये चालत नाही. लहान असो मोठी असो, एक असो दहा असोत. पॉवर बँक ही पण सुट्टी बॅटरीच धरतात, तिचं दुसरं कामच काय. जगभर हाच नियम आहे, मोपा काय दाबोळी काय. सरांना सांगा की इथे वजनाचा प्रश्न नाही, आगीचा आहे. लिथियमचा एक सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा, आणि हे एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. खाली बॅगांच्या होल्डमध्ये आग विझवायला हॅलॉन वायू असतो, तो ज्वाळा दाबतो पण सेलच्या आत जे तापणं चाललंय ते त्याने थांबत नाही, आणि खाली बघायला माणूस नाही. वर केबिनमध्ये निदान धूर दिसतो, कुणीतरी ओरडतं, क्रू येऊन पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतो. म्हणून वर.

आता बॅग दिल्यावर काय होतं ते बघा. तुम्ही काउंटरवर टॅग लावून बॅग सोडली की ती पट्ट्यावरून मागे जाते, तिथे स्कॅन होते. स्क्रीनवर बॅटऱ्या लपत नाहीत, दाट चौकोनी ठोकळे स्पष्ट दिसतात, कपड्यात गुंडाळा नाहीतर बुटात खुपसा. मग बॅग बाजूला निघते आणि तुमच्या नावाने पुकारा सुरू. तुम्ही तोपर्यंत सिक्युरिटी करून आत जाऊन कॉफी घेत बसलेले. परत बाहेर या, बॅग तुमच्यासमोर उघडायची, सुटकेसला नंबरचं कुलूप आणि नंबर आठवतोय फक्त तुमच्या पार्टनरला, हे पण बघितलंय. वेळ असेल तर बॅटरी काढून बॅग पुढे जाते. वेळ नसेल तर बॅग मागे आणि तुम्ही पुढे, नाहीतर दोघंही मागे. लग्नाच्या कामाला जाताना हे परवडणार नाही.

यंत्रात बसवलेली बॅटरी, म्हणजे कॅमेऱ्यात घातलेली, लॅपटॉपमधली, ती यंत्र पूर्ण बंद असेल, चुकून चालू होणार नाही असं पॅक केलं असेल तर खाली चालते. पण स्लीपवर ठेवलेला लॅपटॉप म्हणजे बंद नव्हे. आणि मी तरी कॅमेरा खाली देणार नाही, ते बॅगा कशा टाकतात ते मी बघितलंय.

मर्यादा वॅट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते त्यात मोजतात, एमएएचमध्ये नाही. १०० वॅट-अवरपर्यंत एअरलाईनला विचारायची गरज नाही. १०० ते १६० मध्ये एअरलाईनची परवानगी लागते आणि माणशी दोनच सुट्ट्या नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात नाहीच, ना वर ना खाली. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नियमात सुट्ट्या बॅटऱ्या एकूण माणशी २० पर्यंत, पण एअरलाईन स्वतःचा आकडा कमी ठेवू शकते तेव्हा तिच्या साईटवर बघून घ्या.

तुमची ती व्ही-माऊंट भानगडीची आहे. आणि ते गेलेले स्टिकर.

कॅमेरावाला_फोंडा

देव बरें करूं काका, सरांना हेच वाचून दाखवतो. रात्री बसून हिशोब केला, बरोबर आहे का बघा. व्होल्ट गुणिले एमएएच भागिले १०००. सोनीची ७.२ व्होल्ट २२८० एमएएच म्हणजे १६.४. मिनी ४ प्रोची ७.३२ व्होल्ट २५९० म्हणजे साधारण १९. एडी२०० ची १४.४ व्होल्ट २९०० म्हणजे ४१.७६. एडी६०० प्रोची २८.८ व्होल्ट २६०० म्हणजे ७४.८८, मला वाटलेलं हीच अडकणार कारण दिसायला केवढी मोठी आहे, पण ती पण १०० च्या आत निघाली. पॉवर बँकेला मात्र किती व्होल्ट धरायचे? यूएसबी ५ व्होल्ट देते ना, मग २०००० गुणिले ५ म्हणजे बरोबर १०० आणि ३०००० चे १५०. असं धरू का?

पर्वरी_पॉईंट

एवढं टेन्शन कशाला घेताय. मी कायम पॉवर बँक कपड्यांच्या बॅगेत तळाला टाकतो, आजवर कुणी हूं की चूं केलं नाही. नशिबाचा खेळ आहे सगळा, स्कॅनवाला झोपेत असला की बॅग गेली.

वास्कोकर_निवृत्त

पर्वरी, तुमची गेली म्हणून नियम बदलत नाही. त्या बॅगेच्या वरच्या मजल्यावर तुम्ही स्वतःच बसलेले असता एवढं लक्षात असू द्या.

फोंडा, ५ ने गुणायचं नाही. आतल्या सेलचा व्होल्टेज धरायचा, तो साधारण ३.७. पॉवर बँकेवर जो मोठा आकडा छापतात तो सेलचाच असतो. म्हणजे २०००० ची ७४, १०००० ची ३७, आणि ३०००० ची १११. बाजारात २७००० च्या आसपासच्या पॉवर बँका का मिळतात ते आता कळेल, ३.७ ने गुणलं की ९९.९ येतात, मुद्दाम १०० च्या खाली बसवलेल्या असतात. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पण तशाच, शंभराच्या काठावर आणून थांबवलेल्या. चांगल्या पॉवर बँकेवर दुसरा लहान आकडा पण असतो, रेटेड कपॅसिटी म्हणून, तो ५ व्होल्टला बाहेर किती मिळतं त्याचा. त्या दोन आकड्यांचा घोळ करून लोक काउंटरवर हुज्जत घालतात. वॅट-अवर छापलेले असतील तर तेच दाखवायचे, विषय संपला.

तुमची ३०००० वाली घरीच ठेवा. १११ म्हणजे परवानगी लागणार, आणि तिच्यावर ना वॅट-अवर ना व्होल्ट, तर परवानगी कशाच्या जोरावर देणार? समोरच्या जवानाला तुमच्या गणितात रस नाही, त्याला छापलेलं दिसलं पाहिजे.

निळी_अबोली

काकांनी नियम सांगितले, मी पॅकिंगचं सांगते कारण माझं अर्धं आयुष्य त्या ट्रेसमोर उभं राहण्यात जातंय.

स्टिकर गेलेल्या दोन बॅटऱ्या नेऊच नका. त्या चालत असतील हो, पण हातात घेतल्यावर त्यावर एक अक्षर दिसत नाही आणि मग मागे लाईन खोळंबते, तुम्ही समजावत बसता की ही सोनीचीच आहे हो साहेब, आणि ती फुगलेली वगैरे असेल तर नेणं चूकच आहे. तसं पण लोकल बॅटरी दोन वर्षांनी कॅमेऱ्यात घालताना अडकायला लागली की समजायचं पोट सुटलंय, टेबलावर सपाट ठेवून बोटाने टोक दाबून बघा, डोलली तर बाद. कचऱ्यात टाकू नका तेवढं, ई-कचऱ्यात द्या.

उरलेल्यांची टोकं झाका. म्हणजे त्या सोनेरी पट्ट्या असतात ना, त्यांना धातू लागला की शॉर्ट होतं. ओरिजिनल बॅटरीबरोबर प्लास्टिकचं टोपण येतं ते सगळे पहिल्याच दिवशी हरवतात. नसेल तर कागदी चिकटपट्टी, जी रंगारी लोक वापरतात ती, एक तुकडा आडवा लावायचा, निघते पण लगेच आणि चिकट डाग राहत नाही, काळी इलेक्ट्रिकची टेप लावू नका ती उन्हात वितळून कॅमेऱ्याच्या आत चिकटा सोडते. मी त्याच पट्टीवर पेनाने सी नाहीतर आर लिहिते, सी म्हणजे चार्ज्ड, आर म्हणजे रिकामी. हवं तर प्रत्येक बॅटरी वेगळ्या झिपच्या पिशवीत. पेन्सिल सेल पण सुट्टे खिशात चिल्लरबरोबर नकोत, त्यांची डबी मिळते ती घ्या.

सिक्युरिटीला गेल्यावर काय काय बाहेर काढायचं ते त्या दिवशीच्या जवानावर असतं पण साधारण लॅपटॉप, कॅमेरा बॉडी, पॉवर बँक, चार्जर हे ट्रेमध्ये वेगळं मागतातच. म्हणून बॅग अशी भरा की बॅटऱ्यांची एकच पारदर्शक डबी असेल आणि ती वर असेल, एका हाताने काढून ट्रेमध्ये. वायरी एका पाऊचमध्ये गुंडाळून. चार्जरच्या वायरींचं भेंडोळं, त्यात लेन्स, त्यावर हार्ड डिस्क असं एकावर एक असेल तर स्क्रीनवर कुणालाच काही कळत नाही आणि बॅग परत जाते मशीनमधून, ते त्यांचं कामच आहे, चिडू नका. दोन जणांनी मागे-पुढे जा, एक पलीकडे ट्रे गोळा करायला आणि एक अलीकडे, नाहीतर तुमचा ७०-२०० लेन्स पलीकडे पट्ट्यावर पडलेला आणि तुम्ही इकडे हात वर करून उभे.

आणि कॅमेरा बॅगेच्या कप्प्यांत हात घालून एकदा नीट बघा. मल्टिटूल, छोटा कटर, प्लेट घट्ट करायची ॲलन की, लायटर, असलं सापडतं हमखास. मल्टिटूल चेक-इनमध्ये, लायटर घरी. ट्रायपॉड पण चेक-इनमध्येच टाका, छोटा कधी सोडतात कधी नाही, वाद घालण्यात अर्थ नाही. गिम्बलचं हँडल म्हणजे बॅटरीच असते बऱ्याचदा, ते सुटत असेल तर काढून हातातल्या बॅगेत.

सात किलोचं म्हणाल तर टीम किती जणांची आहे? बॅटऱ्या वाटून घ्या ना. सगळ्यांचं सगळं एकाच बॅगेत कशाला. पण आपल्या बॅगेत काय आहे ते प्रत्येकाला माहीत असू द्या, विचारलं की सरांकडे बोट दाखवायचं नाही.

अवांतर, येताना उदयपूरहून काय आणायचं ते आणा पण जाताना पाव्हण्यांना द्यायला म्हणून चेक-इनमध्ये सुकं खोबरं टाकू नका, त्यात तेल असतं म्हणून ते पण बंद आहे. आमच्या आत्याची वाटी-वाटी खोबऱ्याची पिशवी अशीच बाहेर निघाली होती आणि ती त्या पोराला सांगतेय की बाबा हे आमच्या माडाचं आहे. फेणी मात्र जाते, सीलबंद बाटली, चेक-इनमध्ये. आहे की नाही मजा.

कॅमेरावाला_फोंडा

ताई तुमची चिकटपट्टीची आयडिया झकास, आम्ही नुसते डाव्या खिशात चार्ज्ड आणि उजव्या खिशात रिकाम्या असं करत होतो. टीम चार जणांची आहे. स्टिकर गेलेल्या दोन्ही आजच बाजूला काढल्या, एक खरंच डोलतेय. मोठी पॉवर बँक पण कॅन्सल. सर आता व्ही-माऊंटवर अडलेत, म्हणतात १६० च्या आत आहे ना मग सरळ घेऊन जाऊ, विचारलं तर उलट नाही म्हणतील.

वास्कोकर_निवृत्त

न विचारता नेली आणि सिक्युरिटीला अडली तर जवान तुम्हाला विचारणार की एअरलाईनने हो म्हटलंय का, आणि तुमच्या हातात काहीच नाही. बुकिंगचा नंबर, बॅटरीचा फोटो ज्यात वॅट-अवर वाचता येतात असा, किती नग, असं एअरलाईनला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. फोनवर कुणीतरी हो हो चालेल म्हणालं त्याला गेटवर किंमत नाही. तुमची मुंबईला विमान बदली आहे, दुसरी फ्लाईट वेगळ्या कंपनीची असेल तर त्यांना वेगळं विचारा. जाताना विचारलं तसं परतीचं पण.

दुसरा मार्ग म्हणजे ९८-९९ वॅट-अवरच्या व्ही-माऊंट मिळतात, मुद्दाम विमानासाठीच बनवलेल्या, त्या दोन भाड्याने घ्या. लाईट थोडा कमी वेळ चालेल पण दोन असल्या की एक चार्जिंगला. किंवा सरळ उदयपूरलाच भाड्याने, लग्नांचं शहर आहे ते, तिथे मिळणार नाही तर कुठे मिळणार.

पर्वरी_पॉईंट

नाहीतर आधीच कुरिअरने पाठवा की.

वास्कोकर_निवृत्त

कुरिअर पण विमानानेच जातं ना बहुतेक. सुट्ट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून कार्गो म्हणून न्यायला २०१६ च्या एप्रिलपासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानात पण ३० टक्क्यांच्या वर चार्ज नको असा नियम. पार्सलवर इलेक्ट्रॉनिक्स असं लिहून दिलं की अडकतं, खोटं लिहून दिलं तर अजून वाईट. रस्त्याने पाठवणारा असेल तर त्याला बॅटरी आहे हे सांगून पाठवा आणि आठवडाभर आधी पाठवा.

रानवाट_सत्तरी

ड्रोनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ड्रोन विमानातून न्यायला बंदी नाही, बॅटऱ्या वर आणि यंत्र शक्यतो वर, काही ठिकाणी यंत्र चेक-इनमध्ये द्या म्हणतात तर तयारी ठेवा, छोटी कडक केस असू द्या. पण नेणं वेगळं आणि उडवणं वेगळं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साईटच्या नकाशावर हिरवा-पिवळा-लाल झोन बघा आधी. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत पिवळा, म्हणजे परवानगीचा पट्टा येतो, आधी तो ४५ होता. आपल्याकडे एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ आणि वर दाबोळी नेव्हीचा, म्हणजे गोव्यात आधी नकाशा आणि मग ड्रोन अशीच सवय पाहिजे. उदयपूरचा विमानतळ शहराबाहेर डबोकला आहे, पण हॉटेलवाले आणि तिथलं प्रशासन काय म्हणतंय ते क्लायंटकडून लेखी घ्या. मिनी ४ प्रो साध्या बॅटरीवर २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे नियमांतल्या सगळ्यात लहान गटात बसतो, प्लस बॅटरी घातली की वर जातो, तेव्हा कुठली बॅटरी घेताय ते बघून घ्या.

आणि टीममधलं कुणी हौसेने दुबई-बिबईहून ड्रोन आणायच्या विचारात असेल तर नको, फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून ड्रोन आणायला बंदी आहे, कस्टमवाले ठेवून घेतील.

अजून एक, परतीला कुणी दाबोळीला उतरलं तर विमानातून उतरताना धावपट्टीचे रील काढू नका. तो नेव्हीचा तळ आहे, आयएनएस हंसा, फोटोला मनाई आहे. मोपा सिव्हिल आहे पण सिक्युरिटीच्या जागेचं शूटिंग तिथे पण नाही.

कॅमेरावाला_फोंडा

साध्याच आहेत तीन. बरं झालं सांगितलंत, आमचा एक जण मोपाला चेक-इनपासून व्लॉग काढणार होता.

रोलवाला

त्या सेकंड शूटरसाठी. रोल चेक-इनमध्ये कधीच नाही, खालच्या बॅगांचं स्कॅनिंग जोरकस असतं, धुवून बघाल तर धुकं. हातातल्या बॅगेचं साधं एक्स-रे मशीन असेल तर आयएसओ ८०० च्या खालचे रोल एक-दोनदा गेले तर सहसा काही होत नाही. पण आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर बसतायत, ज्यात बॅगेचं चित्र गोल फिरवून बघता येतं, त्यातून एकदा गेला तरी रोल खराब होऊ शकतो, आयएसओ कितीही असो. लग्नातले रोल हाय आयएसओच असणार, रात्रीची संगीत वगैरे. तेव्हा हाताने तपासा म्हणून विनंती करायची. डब्यांतून काढून रोल पारदर्शक पिशवीत, वर आयएसओ दिसेल असे, आणि गर्दीच्या वेळेआधी पोचायचं. मोपाला पहाटेच्या फ्लाईटला लाईन धावती असते, तिथे तुमचा रोल हातात घेऊन कोण बघत बसणार. नम्रपणे सांगितलं तर कधी ऐकतात, कधी नाही, नाही ऐकलं तर रोल तिकडेच विकत घेऊन तिकडेच धुवून घेणं शहाणपणाचं.

मेमरी कार्डांना, हार्ड डिस्कला एक्स-रेचं काही होत नाही, ती भीती बाळगू नका. कार्डं मात्र परतताना बॅगेत नको, अंगावर. बॅग हरवली तर भरपाई मिळेल, सप्तपदी परत होणार नाही.

सह्याद्री_डोंगरे

थोडं विषयाला सोडून. कुणी ट्रेकला वापरतात तसलं गार्मिनचं इनरीच, म्हणजे सॅटेलाईटवरून मेसेज पाठवायचं यंत्र, किंवा सॅटेलाईट फोन बॅगेत असेल तर ते विमानतळावर नेऊच नका. बॅटरीचा प्रश्न नाही, परवान्याशिवाय ते जवळ बाळगणंच भारतात गुन्हा आहे, १८८५ आणि १९३३ चे जुने कायदे लावतात. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गोव्यातच एका परदेशी धावपटू बाईंना यावरून विमानतळावर अडवलं होतं. परदेशी पाहुण्यांची लग्नं करता म्हणून सांगतोय, त्यांच्यापैकी कुणाकडे असतं आणि त्यांना पत्ताच नसतो.

निळी_अबोली

फोंडा, पॉवर बँकेचं एक राहिलं. विमानात ती वापरायची नाही. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानला एक विमान उड्डाणाआधीच जळलं, माणसं सगळी बाहेर निघाली, पण आग वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेने लागली असावी असं तपासात पुढे आलं आणि मार्चपासून तिथे वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवायला बंदी झाली. मग एकेक करत बऱ्याच जणांनी कडक केलं, आपल्या डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने पण विमानात पॉवर बँकेवर चार्जिंग नको आणि ती वरच्या कप्प्यात नको असं काढलंय. तेव्हा फोन आधीच चार्ज करा आणि पॉवर बँक पायाशी किंवा समोरच्या खिशात. तापतेय, वास येतोय असं वाटलं तर लपवू नका, लगेच क्रूला बोलवा. आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करू नका, तो चेपून पण पेट घेतो, त्यांना सांगा ते काढून देतात.

कॅमेरावाला_फोंडा

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं, एडी६०० ची बॅटरी काढून सरांच्या बॅगेत, एडी२०० च्या माझ्याकडे, कॅमेऱ्याच्या आणि ड्रोनच्या असिस्टंटकडे, रोल सेकंड शूटरचे त्याने बघावेत. फ्लॅशचे डबे, स्टँड, ट्रायपॉड चेक-इन. ९९ वाल्या व्ही-माऊंटसाठी म्हापशात एकाला विचारलंय, हो म्हणाला तर त्या दोन. नाही मिळाल्या तर ईमेल. अजून काही राहतंय का?

वास्कोकर_निवृत्त

एक राहतंय, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. विमान भरलं की, नाहीतर छोटं पंख्याचं एटीआर विमान असेल की, दारातच हातातली चाकाची बॅग काढून घेतात, वर जागा नाही म्हणून, टॅग लावतात आणि खाली पाठवतात. म्हणजे तुम्ही नियमाने वर घेतलेल्या बॅटऱ्या शेवटच्या दोन मिनिटांत खाली होल्डमध्ये. तिथे उभं राहून सांगायचं की यात बॅटऱ्या आहेत, काढतो, आणि काढायच्याच. अबोलीबाईंनी सांगितलेली डबी वर ठेवा ती यासाठी पण. सरांची बॅग चाकाची आहे का? मग एडी६०० ची बॅटरी त्यांच्याकडे नको, पाठीवरची बॅग ज्याची असेल त्याला द्या.

कॅमेरावाला_फोंडा

चाकाचीच आहे. घेतो माझ्याकडे.